गवताच्या रानाचे देणे

नाताळाच्या आधी गंजी रचताना आम्ही पेंढ्या मोजतो. बेळगावच्या पश्चिमेस, जांभ्याच्या तांबड्या उतारावर आमचे अडीच एकरांचे गवती रान आहे आणि पागेत दोन घोड्या आहेत. काही वर्षे गंजी दर साली ठेंगणी होत गेली. पाऊस कमी पडला म्हणावे, तर शेजारच्या भाताला तो पुरला होता. जेथे पूर्वी पवन्या गुडघ्याच्या वर येई, तेथे कुसळी माजली. अखेर मार्चातच वैरण विकत आणण्याची पाळी आली, तेव्हा आभाळाला दोष देणे सोडून आम्ही जमिनीकडे पाहू लागलो.

हिशेब साधा होता. तो कधी मांडलाच नव्हता. लहान चणीची घोडी दिवसाकाठी ६ ते ७ किलो सुके गवत खाते, म्हणजे वर्षाला सव्वादोन ते अडीच टन. चांगल्या प्रतीच्या एक टन गवताबरोबर जमिनीतून सुमारे १५ ते २० किलो नत्र, जवळजवळ तितकेच पालाश आणि २ ते ३ किलो स्फुरद निघून जाते. भाताच्या खाचराला आपण न विसरता शेणखत देतो. गवत मात्र आपोआप उगवते, अशी आपली समजूत. इकडे पागेमागे लिदीचा ढीग साचत होता आणि पावसाळ्यात त्याचे सत्त्व ओढ्याला मिळत होते!

गवताला काय द्यावे, ह्याची सर्वांत जुनी परीक्षा इंग्लंडात झाली आहे. हर्टफर्डशायरमधील रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज व जोसेफ हेन्री गिल्बर्ट ह्यांनी १८५६ साली सुमारे ७ एकरांच्या एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले. कोणत्या खताने सुके गवत अधिक मिळते, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्यांना काहीच दिले नाही, तेथे उत्पन्न तुटपुंजे राहिले, पण वनस्पतींच्या जाती मात्र सर्वांत अधिक टिकल्या. ज्यांना अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे मिळाले, पण चुना मिळाला नाही, तेथील जमीन इतकी आंबट झाली की गवताच्या दोन-तीनच जाती उरल्या आणि न कुजलेल्या काडीकचऱ्याचा थर साचला. उलट, नत्र न देता केवळ स्फुरद, पालाश इत्यादी दिलेल्या तुकड्यांत शेंगावर्गीय वनस्पती फोफावल्या. त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात. त्यामुळे विकतचे नत्र न घालताही गवत भरघोस आले.

आमची जांभ्याची जमीन मुळातच आंबट. तेव्हा युरियाचे पोते आणण्याचा बेत आम्ही सोडला, माती तपासून घेतली आणि सांगितला तेवढाच चुना टाकला. लीद मात्र ताजी पसरली नाही. तिच्यातील जंतांची अंडी चाऱ्याबरोबर पुन्हा घोड्यांच्याच पोटात जातात. ढीग ओला ठेवून तीन-चार महिने खालवर करीत राहिले, म्हणजे आतील उष्णतेने ती मरतात. कुजलेले खत वळवाच्या पहिल्या सरीनंतर पसरले, तेही विशेषतः मधल्या पट्ट्यात. कारण घोडी एका कोपऱ्यात लीद टाकते, तेथे तोंड लावीत नाही आणि दुसरीकडचे गवत मुळापर्यंत खरडते. मोकळे सोडल्यास ती स्वतःच रानाची वाटणी बिघडवते.

कुरणात स्टायलोसारखे शेंगावर्गीय पीक मिसळावे, असे चारा-संशोधनाचे मत आहे. झाशीची गवत व चारा संशोधन संस्था १९६२ साली स्थापन झाली. तिचे केंद्र आम्हांला जवळच्या धारवाडलाही आहे. स्टायलोचे बी कठीण कवचाचे असल्याने पेरण्यापूर्वी थोडा वेळ गरम पाण्यात भिजवावे लागते. आम्ही हे ऐकूनही पहिल्या वर्षी तसेच पेरले आणि निम्मे उगवलेच नाही.

कापणीवरून मात्र घरात वाद झाला. निम्मे गवत फुलोऱ्यात असता कापावे. नंतर काडी कडक होते, सत्त्व उतरते आणि कुसळीची टोके जनावराच्या तोंडात रुततात. वडीलधारे म्हणाले, ‘ऑक्टोबरात कापाल आणि परतीच्या पावसात भिजवाल!’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ओल्या गंजीला बुरशी येते आणि तसल्या गवताने घोड्याला खोकला लागतो. म्हणून आम्ही एकदम सारे न कापता रोज थोडे कापतो, ऊन दाखवून उलटतो आणि काडी कटकन मोडू लागली तरच गंजीवर चढवतो. गेल्या साली वैरण विकत आणावी लागली ती एप्रिलअखेर, आणि तीही एकच गाडी.