मोटारीचा नवा टायर घेतांना

बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली म्हणजे लोहाराकडून नवी चढवून घ्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत. लोहार आधीं चाकाचा घेर मोजी आणि मगच लोखंडाची पट्टी कापी. घेर चुकला तर धाव भर रस्त्यांत निखळे. हें ज्या शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं, तोच मोटारीचा टायर घेतांना मात्र "पंधराचा द्या" एवढें सांगून मोकळा होतो, असें आम्ही वारंवार पाहतों. पंधरा हा आंकडा केवळ रिमच्या व्यासाचा आहे. घेर किती, याचा त्यांत कांहींच उलगडा नाहीं.

टायरच्या अंगावर छापलेलें माप वाचणें कठीण नाहीं. '१८५/६५ आर १५ ८८ एच' असें लिहिलें आहे असें धरूं. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्यें. ६५ हा आंकडा मिलिमीटरचाही नव्हे व इंचाचाही नव्हे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती, हें तो सांगतो. 'आर' म्हणजे टायर रेडियल जातीचा. १५ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडेवारी व इंच असा त्रिवेणी संगम ज्यांनीं घडवून आणला, त्यांनीं गिऱ्हाइकाच्या सोयीचा विचार केला होता असें वाटत नाहीं! राहिलेले ८८ आणि एच यांजकडे पुढें येऊं.

आतां घेराचें गणित. १८५ चे शेंकडा ६५ म्हणजे १२०.२५ मि.मी. ही एका बाजूची भिंत. रिमच्या वर एक व खालीं एक, म्हणून दुप्पट २४०.५. पंधरा इंचांचे ३८१ मि.मी. होतात. बेरीज ६२१.५ मि.मी., हा चाकाचा पुरा व्यास. मारुती स्विफ्ट गाडीच्या पूर्वीच्या प्रकारांत कांहींना कारखान्यांतूनच हा टायर येत असे, तर कांहींना १६५/८० आर १४. या दुसऱ्याचें गणित मांडलें तर १३२ ची दुप्पट २६४ आणि रिमचे ३५५.६ मिळून ६१९.६ येतात. रुंदी निराळी, रिम निराळी. तरी चाकाच्या उंचींत पुरा दोन मिलिमीटरांचाही फरक नाहीं. कारखानदार काय जपतो, तें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

खेड्यापाड्यांत दिसणारी बोलेरो गाडी घ्या. तिचें माप २१५/७५ आर १५, व्यास ७०३.५ मि.मी. पावसाळ्यांत चिखलांत अडूं नये म्हणून पुष्कळ जण तिला २३५/७५ आर १५ घालतात. रिम तीच, त्यामुळें टायर विनातक्रार चढतो. व्यास मात्र ७३३.५ होतो, म्हणजे सुमारें सव्वाचार टक्के अधिक. वेग दाखविणाऱ्या यंत्राला हें कळत नाहीं. तें फक्त फेरे मोजतें. मूळ चाकावर तें बरोबर असेल, तर आतां कांटा साठावर असतांना गाडी साडेबासष्टांनीं धांवत असते. हजार किलोमीटरांची नोंद होते तेव्हां प्रत्यक्षांत १०४३ झालेले असतात. मग मालक म्हणतो, गाडी डिझेल फार पिऊं लागली! कांहीं अंशीं तें खरेंही असेल, कारण मोठें चाक फिरविण्यास एंजिनाला अधिक कष्ट पडतात. परंतु कांहीं अंशीं तो चुकलेला हिशेबच असतो. याहून महत्त्वाचें असें कीं, ब्रेक पूर्वीचाच राहून चाक मोठें झाल्यामुळें जमिनीवरील त्याची पकड तितकी उणी पडते. व्यासांतील फरक तीन टक्क्यांच्या आंत ठेवावा, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारानें आपल्या जुन्या जीपला असेच रुंद टायर घातले होते. रिकाम्या गाडींत ते कोठेंही लागत नसत. कांद्याचीं पोतीं भरून गाडी खालीं बसली, तेव्हां मागील टायर मडगार्डच्या आंतील कडेला घासूं लागला आणि घाट उतरतांना फुटला. गाडी कठड्याला लागून थांबली. चालविणाऱ्या मुलाचा हात मोडला. दुकानदारानें "बसतो" असें सांगितलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. टायर बसलाच होता.

यासाठीं वरील मापांतील ८८ या अंकाकडे पाहावें. तो भाराचा सांकेतिक अंक असून ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. ८४ असेल तर ५०० आणि ८२ असेल तर ४७५ किलो. मूळ अंकापेक्षां अधिक चालेल. कमी कधींही घेऊं नये, मग किंमत कितीही उतरो. 'एच' हें ताशीं २१० किलोमीटर वेगाचें चिन्ह आहे. आपल्या रस्त्यांवर त्याची कसोटी लागत नाहीं, तरी मूळ चिन्हाहून खालचें घेऊं नये.

एका आंसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला चारही सारखे हवेत. अशा ट्रॅक्टरांत तर याहून नाजूक गोष्ट आहे. तेथें पुढील चाकें मागील चाकांपेक्षां किंचित् पुढें ओढतील, असें गिअरचें प्रमाण ठरविलेलें असतें. मागें १३.६-२८ चा टायर असतां, पुढील तसेच ठेवून मागें १४.९-२८ घातला, तर तें प्रमाण मोडतें. कठीण सडकेवर टायर खरवडले जातात आणि गिअरांवर नाहक ताण बसतो. येथें पहिला आंकडा रुंदीचा व दुसरा रिमचा असून दोन्ही इंचांत आहेत.

मूळ माप चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत अथवा गाडीच्या पुस्तकांत पाहावें. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनीं अंगावरच्या टायरवरून माप उतरून घेऊं नये; पहिल्या मालकानेंच तें बदललेलें असण्याचा संभव असतो. दुकानांत चार आंकड्यांची तारीखही वाचावी: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. आणि जादा चाक एकदां खालीं काढून त्याचेंही माप पाहावें. आमच्याच गाडींत तें दोन वर्षें निराळ्या मापाचें पडून होतें.