चटई, माती आणि चेंडू : पाकिस्तानी क्रिकेटची घडण

नंदुरबारहून ताप्ती व्हॅली रेल्वेने पश्चिमेस निघालेल्या प्रवाशास प्रथम नवापूर लागते, ज्या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत मोडतो, आणि त्यापुढे थोड्याच वेळात सोनगड येते, जेथून गायकवाडांच्या राज्याचा विस्तार झाला. स्वातंत्र्यापूर्वी आमच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याची हद्द संपली की बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांताचा अंमल सुरू होई. म्हणजे कागदोपत्री आम्ही मुंबई इलाख्याचे रयत असलो, तरी आमचा सख्खा शेजारी गायकवाड सरकारचाच होता. पाकिस्तानी क्रिकेटपटूंवरील लेखाचा आरंभ लाहोर-कराचीऐवजी या शेजारच्या संस्थानापासून केलेला पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु पाकिस्तान नावाचे राष्ट्र जन्मास येण्याच्या पाच महिने आधी, त्या देशाच्या दोन भावी कसोटीवीरांनी बडोद्याच्या मराठी संस्थानिकाच्या संघातून रणजी करंडक जिंकला होता, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून पुढील कथेचा उलगडा होत नाही.

तो सामना मार्च १९४७ मधला. एका बाजूस बडोदे आणि दुसऱ्या बाजूस होळकरांचा इंदूरचा संघ, म्हणजे दोन मराठी दौलतींमधलीच ही लढत, आणि होळकरांचे सेनापती कर्नल सी. के. नायडू. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असता सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचा डावखुरा गुल महंमद एकत्र आले, आणि ती जोडी फुटली तेव्हा चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भर पडलेली होती. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोद्याने एक डाव आणि ४०९ धावांनी विजय मिळविला, आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागीदारी हा तिचा लौकिक २००६ सालापर्यंत, श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करीपर्यंत, अबाधित राहिला. हजारे म्हणजे संयमाची मूर्ती, आणि गुल महंमद म्हणजे ठेंगण्या बांध्याचा, चपळ पायांचा, चेंडूवर तुटून पडणारा गडी. त्याच संघात तिसरा आमीर इलाही, ज्याने कारकीर्द मध्यमगती गोलंदाज म्हणून सुरू केली आणि पुढे लेगब्रेक व गुगलीची विद्या संपादन केली. आमीर इलाही डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीस भारताकडून एक कसोटी खेळला आणि पुढे पाकिस्तानकडून पाच. गुल महंमद भारताकडून आठ खेळून पाकिस्तानकडून एकच खेळला. दोन्ही देशांकडून कसोटी खेळण्याचा योग या दोघांखेरीज फक्त अब्दुल हफीज कारदार यांस लाभला, जे १९४६ साली इंग्लंडमध्ये अब्दुल हफीज या नावाने भारताकडून तीन सामने खेळले आणि पुढे पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले. कारदारांचा स्वभाव हुकूमशाही वळणाचा होता असे त्यांचे चाहतेही मान्य करतात. नवजात संघास तसाच कारभारी हवा होता, असे माझे मत.

‘पाकिस्तानी खेळाडू जात्याच आक्रमक, उतावळा, बेभरवशाचा’ हे वाक्य आपल्याकडे दर सामन्याच्या वेळी कोणीतरी अधिकारवाणीने उच्चारतो. मला ते मान्य नाही. खेळाची शैली रक्तातून उतरत नसून पायाखालची भूमी, हाती आलेली साधने आणि शिकविणाऱ्याचा अभाव वा प्रभाव यांतून ती घडते, आणि पाकिस्तानच्या क्रिकेटइतका याचा सुस्पष्ट पुरावा अन्यत्र क्वचितच सापडेल.

फजल महमूद यांचेच उदाहरण घ्या. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली होती, आणि ऐन फाळणीच्या ऑगस्टात ते पुण्यास संघाच्या शिबिरात होते. शिबिर आटोपून मुंबईकडे येताना आगगाडीत जमावाने त्यांना घेरले असता कर्नल नायडू बॅट उगारून मध्ये उभे राहिले आणि त्यांनी आपला जीव वाचविला, असे फजल यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. मुंबईहून ते विमानाने कराचीस गेले, तेथून लाहोरास, आणि पुन्हा भारतीय संघात परतले नाहीत. निळ्या डोळ्यांचा, देखणा, पोलीस खात्यात अधिकारी असलेला हा गोलंदाज वेगवान नव्हता. मध्यम गतीने, थकवा न जाणता, तासन् तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकावा आणि तो कधी आत, कधी बाहेर कापत न्यावा, ही त्यांची रीत होती. ‘लेग कटर’ हे त्यांचे मुख्य अस्त्र. या अस्त्राचे सामर्थ्य चटईवर होते, कारण ताणून बसविलेल्या काथ्याच्या वा तागाच्या चटईवर बोटांनी कापलेला चेंडू जसा पकड घेऊन वळतो तसा हिरवळीच्या टणक खेळपट्टीवर वळत नाही.

१९५२ साली पाकिस्तानचा संघ पहिल्याच कसोटी मालिकेसाठी भारतात आला, तेव्हा लखनौस गोमतीकाठच्या मैदानावर तागाची चटई अंथरलेली होती. फजल यांनी तेथे ९४ धावांत १२ बळी घेतले, नझर महंमद सलामीस येऊन १२४ धावांवर अखेरपर्यंत नाबाद राहिले, आणि भारताचा एक डाव व ४३ धावांनी पराभव झाला. त्यानंतरची कसोटी मुंबईस, ब्रेबॉर्नवर. तेथे चटई नव्हती. हजारे १४६ वर नाबाद राहिले, उमरीगरांनी शतक ठोकले, मांकडांनी आपल्या तेविसाव्याच कसोटीत बळींची शंभरी गाठली, आणि भारत दहा गडी राखून विजयी झाला. गोलंदाज तोच, फलंदाजही बरेचसे तेच. बदलली ती पायाखालची भूमी. मद्रासेस चव्वेचाळीस वर्षांच्या आमीर इलाहींनी शेवटच्या क्रमांकावर येऊन ४७ धावा केल्या आणि झुल्फिकार अहमदबरोबर अखेरच्या गड्यासाठी १०४ धावा जोडल्या, हा त्या मालिकेतील मला सर्वांत प्रिय प्रसंग. मालिका भारताने २-१ अशी जिंकली. पुढे १९५४ साली ओव्हलवर ओलसर खेळपट्टी मिळताच फजल यांनी पुन्हा १२ बळी घेऊन इंग्लंडला २४ धावांनी हरविले, हे मात्र चटईच्या सिद्धान्ताला पुरवणी म्हणून जोडले पाहिजे.

ब्रेबॉर्नवरील त्या पराभवात एका सतरा वर्षांच्या मुलाने ९६ धावा करून जाणत्या प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेतले. तो हनीफ महंमद. जुनागढास जन्मलेल्या या मुलाचे कुटुंब फाळणीत परागंदा होऊन कराचीस आले आणि तेथे एका रिकाम्या पडलेल्या देवळात काही काळ राहिले. आई जुनागढची बॅडमिंटनपटू, आणि पाच भावांपैकी चौघे कसोटीवीर. त्याचे गुरू अब्दुल अझीझ हे आपल्या सलीम दुराणींचे वडील, हा योगायोगही नोंदवून ठेवावा असा. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिजटाऊनला पाकिस्तानवर फॉलोऑन लादला गेला असता हनीफ ९७० मिनिटे खेळपट्टीवर उभा राहिला आणि त्याने ३३७ धावा केल्या. कसोटीच्या इतिहासात इतका दीर्घ डाव दुसरा नाही. ‘जात्याच उतावळे’ म्हणणाऱ्यांनी या डावाची वासलात कशी लावायची ते ठरवावे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचा दुसरा विक्रम अधिक जिव्हाळ्याचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर आला होता. तेव्हा काठेवाडचे कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाशी जोडले जाऊ नये म्हणून, सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. जो विक्रम काठेवाडाने पुण्यास मोडू दिला नाही, तो जानेवारी १९५९ मध्ये काठेवाडातच जन्मलेल्या हनीफने कराचीस मोडला: बहावलपूरविरुद्ध ४९९ धावा, आणि पाचशेवी धाव घेण्याच्या धडपडीत धावबाद! तेही काथ्याच्या चटईवर.

पुढची काही वर्षे भारत-पाकिस्तान सामन्यांच्या दृष्टीने रूक्षच म्हटली पाहिजेत. १९५४-५५ च्या पाचही कसोट्या अनिर्णित, १९६०-६१ च्याही पाचही अनिर्णित. हरण्याची भीती इतकी की जिंकण्याचा विचारच कोणी करीना. त्यात लक्षात राहतो तो मुंबईचा सामना, ज्यात हनीफच्या १६० आणि सईद अहमदच्या १२१ धावांना उत्तर देताना आपला चिमुकला जलदगती गोलंदाज रमाकांत देसाई दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावा करून गेला आणि नाना जोशींसह नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडून त्याने ब्रेबॉर्न दणाणून सोडले. त्यानंतर दोन युद्धे झाली आणि सतरा वर्षे उभय देशांत कसोटी झाली नाही.

तोवर पाकिस्तानातील कसोट्यांतून चटई गेली होती आणि तिच्या जागी आली होती कोरडी, निर्जीव माती. आजूबाजूचे मैदान खरखरीत. फजल यांची विद्या या भूमीवर चालणारी नव्हती, आणि नवा चेंडू थोड्याच षटकांत खडबडीत होऊन निष्प्रभ ठरे. लाहोरच्या सरफराज नवाझने या अडचणीतूनच वाट काढली. चेंडूची एक बाजू घामाने घासून जड व गुळगुळीत ठेवावी, दुसरी खरबरीत होऊ द्यावी, आणि मग वेगाने टाकलेला जुना चेंडू नेहमीच्या नियमाच्या उलट, गुळगुळीत बाजूकडे, तोही अगदी अखेरच्या क्षणी वळतो. हा ‘रिव्हर्स स्विंग’. सरफराजने १९७९ मध्ये मेलबर्नला ८६ धावांत ९ बळी घेतले, त्यांपैकी सात तर एका धावेच्या मोबदल्यात. ही विद्या त्याने इम्रान खानला दिली, इम्रानने वसीम अक्रम आणि वकार युनूसला. डिसेंबर १९८२ मध्ये कराचीस भारताविरुद्ध इम्रानने ६० धावांत ८ बळी घेतले तेव्हा चेंडू सोडून देण्यासाठी हात उंचावून उभ्या राहिलेल्या विश्वनाथचा त्रिफळा उडाला. त्या मालिकेत इम्रानच्या खाती ४० बळी जमा झाले. याच मालिकेत नझर महंमद यांचा मुलगा मुदस्सर लाहोरला १५२ धावांवर अखेरपर्यंत नाबाद राहिला. सलामीस येऊन पूर्ण डाव नाबाद राहण्याचा पराक्रम पित्यापाठोपाठ पुत्राने केला. रिव्हर्स स्विंगच्या या गोलंदाजीवर चेंडू कुरतडल्याचे आरोप झाले, आणि इम्रानने इंग्लंडमधील एका कौंटी सामन्यात बाटलीच्या बुचाने चेंडू ओरखडल्याचे स्वतःच कबूल केले. पण नुसत्या बुचाने वसीमचे ४१४ आणि वकारचे ३७३ कसोटी बळी मिळत नाहीत.

फलंदाजांत चष्मेवाला झहीर अब्बास, ज्याच्या नावे प्रथम श्रेणीत १०८ शतके आहेत, हा डोळ्यांना सुखविणारा. जावेद मियांदाद मात्र डोक्याने खेळणारा, कराचीच्या गल्लीत शिकलेली प्रत्येक युक्ती लक्षात ठेवणारा. १९८६ च्या शारजातील अखेरच्या चेंडूवरील त्याचा षटकार विसरू पाहणाऱ्यांना विसरता येत नाही, आणि १९९२ मध्ये सिडनीस बडोद्याच्या किरण मोरेची नक्कल करीत त्याने मारलेल्या उड्याही. त्याच गल्ल्यांतून ‘टेप बॉल’ निघाला: टेनिसच्या चेंडूवर विजेच्या तारांना लावतात ती चिकटपट्टी गुंडाळली की तो हवेत वळतो, आणि टप्पा पडू न देता थेट पायाशी टाकल्याखेरीज त्यावर बळी मिळत नाही. यॉर्कर हा तेथील पोरांना बालवयात अवगत होतो तो असा. शहाद्या-तळोद्याकडेही पोरे टेनिसच्या चेंडूनेच खेळतात. वृत्ती तीच, चिकटपट्टी तेवढी नाही.

तेथील निवडीची रीतही पाहण्यासारखी. वकारला इम्रानने प्रथम पाहिले ते दूरचित्रवाणीवर, आणि थोड्याच महिन्यांत तो कराचीस कसोटीत उतरला, ज्या कसोटीत दादरच्या शिवाजी पार्कात घडलेला सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकरही प्रथमच खेळत होता. १५ धावांवर त्याचा त्रिफळा वकारनेच उडविला. सचिनमागे शालेय सामन्यांची, क्लबांची, आचरेकर सरांच्या शिस्तीची पक्की बांधलेली व्यवस्था होती, वकारमागे तसे फारसे काही नव्हते. आपल्या व्यवस्थेने फलंदाज घडविले आणि त्यांच्या अव्यवस्थेने गोलंदाज, असे विधान मी करतो, आणि ते थोडे भरमसाट आहे हेही जाणतो. कारण व्यवस्थेअभावी तेथे किती वकार वाया गेले याचा हिशेब कोणत्याच दफ्तरी नाही.

२००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये पाकिस्तानी खेळाडू आले ते एकदाच. त्यांतला सोहेल तन्वीर उलट्या पायावर चेंडू सोडी. कोणत्याही शिस्तप्रिय प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी बदलायला लावली असती अशी ती कृती. त्याने त्या स्पर्धेत सर्वाधिक २२ बळी घेतले, आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावरील अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर विजयी धावही त्यानेच काढली. आपल्याकडे अहमदाबादच्या बुमराहची विचित्र कृती कोणी मोडली नाही, याचे फळ आपण पाहतोच आहोत. म्हणून आमच्या जिल्ह्यातील शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि तालुक्याच्या मंडळांना विनंती इतकीच, की अक्कलकुव्याच्या वा धडगावच्या मैदानावर एखादा मुलगा वेडीवाकडी धाव घेऊन वेगाने चेंडू टाकताना दिसला, तर त्याचा हात सरळ करण्याची घाई करू नये. आधी त्याच्या हाती चांगला चेंडू द्यावा, खेळायला बरी खेळपट्टी द्यावी, आणि त्याचे नाव महाराष्ट्राच्या वयोगट निवडचाचणीसाठी वेळेवर पाठवावे.