खुंट्याला बांधलेलं विकर

आटपाट नगर होतं, असं म्हणून आज सुरुवात करत नाही. आजच्या गोष्टीतली गावं नकाशात सापडतात: इस्राएलमधलं रेहोवोत, जपानमधलं ओसाका आणि आपल्या पुण्याजवळची पिंपरी. राजाही आहे गोष्टीत, म्हणजे राष्ट्रपती. त्याच्याकडे येऊ सावकाश.

आधी भाकरीचा तुकडा तोंडात घ्या. गिळू नका, चावत राहा. थोड्या वेळाने गोडसर लागतो की नाही? लाळेतलं अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, पिठातल्या स्टार्चची लांबलचक साखळी तोडून तिची साखर करतं. "आजोबा, विकर म्हणजे किडा का?" असं धाकटी नेहमी विचारते. नाही गं बाई, ते जिवंत नसतं. ते प्रथिन, अमिनो आम्लांची माळ घड्या घालून गुंडाळलेली. त्या गुंडाळीत एका ठिकाणी खोबण असते. ठरलेला रेणू तिथे येऊन बसतो, तुटतो आणि बाहेर पडतो. विकर मात्र होतं तसंच राहतं, पुढच्या रेणूला घ्यायला मोकळं.

न थकणारा असा गडी कुठल्या कारखानदाराला नको असेल? पण अडचण पाण्याची होती. विकर पाण्यात विरघळतं, काम झालं की मालातच मिसळून राहतं. गाळून काढावं तर गाळणीतून निसटतं. मग उष्णता देऊन ते मारायचं, माल शुद्ध करायचा आणि पुढच्या घाण्याला पुन्हा नवं महागडं विकर विकत आणायचं. गाय एकदा पिळून रानात सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी आणायची, तसला व्यवहार! शहाणा माणूस गाय खुंट्याला बांधतो.

बांधता येते हे पहिल्यांदा दिसलं १९१६ साली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेल्सन आणि ग्रिफिन या दोघांनी यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे साखर फोडणारं विकर कोळशाच्या भुकटीवर चिकटवलं. कोळशाला चिकटूनही ते साखर फोडतच राहिलं. एवढा मोठा शोध, पण पुढची कित्येक वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. विज्ञानात असं होतं.

गंमत बघा, त्याच १९१६ साली कीव्ह शहरात एक मुलगा जन्मला, एफ्राइम काचाल्स्की. घरच्यांबरोबर तो लहानपणीच पॅलेस्टाइनला गेला आणि पुढे रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत शास्त्रज्ञ झाला. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून कृत्रिम साखळ्या बनवायचा त्यांना नाद होता. १९६०च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशाच एका न विरघळणाऱ्या साखळीला ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर रासायनिक बंधाने जखडलं आणि ते नळीत भरलं. वरून प्रथिनाचं द्रावण ओतायचं, खालून तुकडे झालेलं प्रथिन घ्यायचं, ट्रिप्सिन आपलं नळीतच! हेच काचाल्स्की कात्झिर हे आडनाव घेऊन १९७३ ते १९७८ इस्राएलचे राष्ट्रपती होते. माझ्या लेखी त्यांची नळी त्यांच्या पदापेक्षा मोठी.

आता बांधायचं कसं ते नीट ऐका, कारण सगळी कला त्यातच आहे. खुंटा म्हणजे बारीक मणी: समुद्रशेवाळातल्या अगारोजचे, डेक्स्ट्रॅनचे, काचेचे, नाहीतर प्लास्टिकसारख्या बहुवारिकाचे. विकराच्या अंगावर लायसिन नावाचं अमिनो आम्ल जागोजागी बाहेर डोकावत असतं आणि त्याच्या टोकाला नायट्रोजनचा अमिनो गट असतो. दावं अडकवायची ही सगळ्यात सोयीची जागा. दावं पुष्कळदा ग्लुटराल्डिहाइडचं, पाच कार्बनचा चिमुकला रेणू, दोन्ही टोकांना फास. एक फास मण्यावरच्या अमिनो गटाला, दुसरा लायसिनला. गाठ सैल पडू नये म्हणून सोडियम बोरोहायड्राइड वापरून ती कायमची पक्की करता येते.

पण गायीचं तोंडच बांधलं तर ती खाणार कशी? दावं खोबणीतल्या किंवा खोबणीजवळच्या लायसिनला पडलं की विकर मण्यावर दिसतं, मोजता येतं आणि काम शून्य. यावर रसायनवाल्यांनी सुरेख तोड काढली. बांधताना द्रावणात विकराचं खाद्य, किंवा खाद्यासारखा दिसणारा रेणू, मिसळून ठेवायचा. खोबण भरलेली असली की दावं तिथे पोचत नाही. दावं फार आखूड असेल तर विकर मण्याला घासून बसतं आणि मोठे रेणू त्याच्यापर्यंत येत नाहीत, म्हणून मधे लांब रेणूचा तुकडा घालतात. एकाऐवजी चार ठिकाणी बांधलं तर उष्णतेने घड्या उलगडत नाहीत, विकर जास्त टिकतं. पण फार आवळलं तर त्याला हलताच येत नाही, आणि थोडं हलल्याशिवाय त्याचं काम होत नाही. मण्यात दाटीवाटीने बांधलं तर आतल्यांपर्यंत वैरणच जात नाही, बाहेरचेच खातात.

गाठ प्रत्येक वेळी पक्कीच हवी असंही नाही. १९६९ साली ओसाकाच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता आणि तेत्सुया तोसा यांनी बुरशीतलं अमिनोअसायलेज डेक्स्ट्रॅनच्या मण्यांवर नुसत्या विद्युतभाराने धरून ठेवलं. रासायनिक रीतीने अमिनो आम्ल बनवलं की डावं-उजवं दोन्ही रूपं सारखीच तयार होतात आणि शरीराला त्यातलं एकच हवं असतं. त्यांचं विकर नेमकं तेवढंच वेगळं काढायचं. उरलेलं तापवून पुन्हा मिश्रण करायचं आणि पुन्हा नळीत सोडायचं, म्हणजे काही वाया नाही. जोर ओसरला की नळी न उघडता त्याच मण्यांवर ताजं विकर चढवायचं. पक्क्या गाठीत ही सोय नसते. बांधलेलं विकर कारखान्यात उतरलं ते तिथे पहिल्यांदा.

आता येऊ आपल्या पिंपरीकडे. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी, आणि बांधलेल्या विकराचं मोठं काम याच औषधात आहे. पेनिसिलिन जी मधून अमॉक्सिसिलिनसारखी नवी औषधं करायची तर त्याच्या रेणूची शेपटी कापून ६-एपीए हा गाभा काढावा लागतो. गाभ्यातलं चार अणूंचं कडं इतकं नाजूक की भलतीकडे धक्का लागला तर औषधच गेलं. रसायनांनी शेपटी कापायची तर कोरडी द्रावकं, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागायची. ई. कोलाय जिवाणूतलं पेनिसिलिन असायलेज मण्यांना बांधलं की तेच काम साध्या पाण्यात आणि कोमट तापमानात होतं. कापलेली शेपटी आम्ल असते, म्हणून थेंब थेंब अमोनिया सोडत राहायचं, एवढंच पथ्य. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विकरावर काम झालं.

आज जगातलं बहुतेक ६-एपीए असंच बनतं. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं तर गोळीत ते विकर शोधू नका. ते कारखान्यात मण्यांवरच राहिलेलं असतं, आणि गाळून घेतलेल्या त्याच मण्यांवर शेकडो घाणे निघतात.