घरचे पाणी आणि ओट्यावरचे आर.ओ. यंत्र

पालकांचे प्रश्न काळानुसार बदलत जातात. पूर्वी बाळाला घेऊन येणारी आजी ‘गुटी केव्हापासून देऊ?’ असे विचारीत असे. अलीकडे तरुण आई-वडील ‘डॉक्टर, बाळासाठी कोणते आर.ओ. घ्यावे?’ असे विचारतात. त्यांच्या मनात बहुधा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवण्याचे नवे यंत्र असते. त्याला नळजोडणी लागत नाही, भाड्याच्या सदनिकेत भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत आणि कळ दाबताच गार, कोमट किंवा उकळते पाणी मिळते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर यंत्राचे नाव सांगून देता येत नाही. ‘तुमच्या घरात पाणी कोठून येते?’ हा प्रतिप्रश्न मला आधी करावा लागतो, आणि उच्चविद्याविभूषित पालकही तेथे अडखळतात.

आपल्या शहराचे पाण्याशी नाते जुने आणि काहीसे दुःखदही आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुराने हजारो बळी घेतले. त्यानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची जी योजना झाली, तिच्यातून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. उस्मानसागर म्हणजेच आपले गंडीपेट. ज्याने एकदा गंडीपेटचे पाणी प्याले तो हैदराबाद सोडून जात नाही, गेलाच तर परत येतो, असे येथे म्हणतात. सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या भागांतील आपल्या जुन्या मराठी घरांनी त्याचा अनुभव घेतला आहे. पुढे शहर वाढले. १९६५ पासून मंजिरेचे, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे पाणी येऊ लागले. तरीही लोक नळाच्या पाण्याला सर्रास ‘मंजिरा’च म्हणतात. गोदावरी नाशिकहून आणि कृष्णा महाबळेश्वरहून निघून येथे पोहोचते, ही गोष्ट मराठी माणसाला सुखावणारी खरी. पण आपल्या स्वयंपाकघरातील नळातून येणारे पाणी त्याच नद्यांचे असेल, याची मात्र खात्री देता येत नाही.

कारण बहुसंख्य इमारतींत नळाचे पाणी, आवारातील बोअरचे पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी ही तिन्ही एकाच जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे ‘संप’मध्ये, एकत्र होतात आणि तेथून गच्चीवर चढतात. नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेले असते. त्यात क्लोरीन असते आणि क्षार बेताचे असतात. बोअरचे पाणी खडकातून आलेले असते. त्यात चुना, नायट्रेट, काही ठिकाणी फ्लोराइड असते. टँकरवाल्याने पाणी कोठून भरले हे त्यालाच ठाऊक. म्हणजे एकाच घरात जानेवारीत एक पाणी असते आणि मे महिन्यात दुसरे. यंत्र मात्र आपण बाराही महिन्यांसाठी एकच घेतो.

आता यंत्र काय करते ते पाहू. परासरणात अर्धपार्य पटलातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे आपोआप जाते, हे आपण शाळेत शिकलो. क्षारयुक्त बाजूने पुरेसा दाब दिला की हा प्रवाह उलटतो. पाणी पटलातून पलीकडे जाते आणि क्षार मागे राहतात. या तत्त्वावर व्यवहारात चालेल असे पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केले. यांतील सौरिराजन हे भारतीय होते, हे फार थोड्यांना माहीत असते. खारे पाणी गोडे करणे हा त्यामागील हेतू होता. मुळात ही विद्या क्षारांसाठी आहे, जंतूंसाठी नव्हे.

भिंतीवरच्या यंत्रात मागे राहिलेले क्षारयुक्त पाणी नळीवाटे मोरीत जाते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर वाया जाणे ही घरगुती यंत्रांत नित्याची बाब आहे. ओट्यावरच्या, नळजोडणी नसलेल्या यंत्रांत असा निचरा नसतो. बहुतेकांत मागे राहिलेले पाणी पुन्हा त्याच भरणटाकीत सोडले जाते. हा मुद्दा विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून उदाहरण देतो. टाकीत ३०० मि.ग्रॅ. प्रति लिटर क्षारांचे पाच लिटर पाणी भरले आणि त्यातून तीन लिटर शुद्ध पाणी काढून घेतले, तर उरलेल्या दोन लिटरमध्ये जवळजवळ सर्व क्षार साठून त्यांचे प्रमाण साडेसातशेच्या घरात जाते. बोअरच्या १२०० च्या पाण्याचे असेच तीन हजार होते. क्षार वाढले की पटलावरचा ताण वाढतो आणि पलीकडे जाणाऱ्या पाण्यातही क्षार वाढतात. म्हणून उरलेले पाणी प्रत्येक वेळी ओतून टाकून मगच टाकी पुन्हा भरावी लागते. घाईत ‘वरून थोडे घाला’ असे केले की यंत्राचा हेतूच विफल होतो. चौघांच्या कुटुंबाला पिण्यासाठी दिवसाला दहा-बारा लिटर तरी पाणी लागते. म्हणजे ही टाकी दिवसातून तीन-चार वेळा रिकामी करणे, भरणे आले. ते काम घरातील कोण करणार, हे यंत्र घेण्यापूर्वीच ठरवावे. अनुभव असा आहे की ते शेवटी सासूबाईंच्या किंवा कामवाल्या मावशींच्या गळ्यात पडते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टी.डी.एस., ५०० पर्यंत असणे इष्ट मानले जाते. दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालवून घेतले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, जेथे टी.डी.एस. ५०० पेक्षा कमी आहे तेथे आर.ओ.ला बंदी घालावी, असे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तो कायद्याचा भाग सोडून देऊ. त्यामागील तर्क मात्र मला मान्य आहे. ज्या घरात बाराही महिने केवळ नळाचे पाणी येते आणि क्षार पाचशेच्या आत आहेत, तेथे आर.ओ. अनावश्यक आहे. चांगली गाळणी व यू.व्ही. दिवा, अथवा सरळ उकळणे पुरेसे आहे.

येथे विक्रेत्यांच्या एका प्रयोगाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. एक तरुण विक्रेता माझ्याच घरी येऊन दोन पेल्यांत, एकात नळाचे व दुसऱ्यात आर.ओ.चे पाणी घेऊन, विजेच्या कांड्या बुडवून बसला. क्षणात नळाच्या पाण्याचा रंग गंजासारखा तपकिरी झाला. ‘पाहा सर, मुलांना हे पाजता!’ वास्तविक तो गाळ पाण्यातला नव्हता. कांड्यांतील लोखंड विरघळून तो तयार झाला होता. क्षार असल्यामुळे एका पाण्यातून वीज वाहिली, दुसऱ्यातून वाहिली नाही, एवढेच. आर.ओ.च्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून मी तोच चमत्कार करून दाखविला. तो बिचारा गप्प झाला. टी.डी.एस. मोजणाऱ्या पेनाचीही मर्यादा हीच. ते विद्युतवाहकता मोजते. जंतू आहेत की नाहीत, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, यांविषयी ते मुके आहे.

आणि माझ्या व्यवसायात मुलांना आजारी पाडतात ते बहुतांशी जंतूच. मे २००९ मध्ये भोलकपूर भागात पिण्याच्या पाण्यात घाण मिसळून कित्येकांचे प्राण गेले, शेकडो आजारी पडले. क्षार कमी करून तो प्रसंग टळला नसता. पटल जंतूंनाही अडवते हे खरे. परंतु झिजलेली रबरी कडी किंवा सूक्ष्म चीर त्यांना पुरते. शिवाय आर.ओ.च्या आधीची कोळशाची गाळणी क्लोरीन काढून घेते. त्यामुळे शुद्ध पाण्याच्या टाकीत शिरलेल्या जंतूला अडविणारे काहीच उरत नाही. टाकी लहान, हाताने आतून घासता येईल अशी, तोटी सुटी होणारी आणि साठ्यानंतर यू.व्ही. असलेले यंत्र म्हणूनच बरे.

असे असले तरी आर.ओ. निरुपयोगी आहे असे मात्र मुळीच नाही. शेजारच्या नालगोंडा जिल्ह्यात फ्लोराइडने वाकलेल्या हाडांची मुले आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. आपल्या विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडेही हा प्रश्न आहे. फिटकरी व चुना वापरून फ्लोराइड घटविण्याची जी पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली, तिला ‘नालगोंडा’ हेच नाव मिळाले. उकळून फ्लोराइड जात नाही, यू.व्ही.ने जात नाही, आर.ओ.ने ते पुष्कळच कमी होते. नायट्रेटचेही तसेच. त्याची मर्यादा ४५ मि.ग्रॅ. आहे. त्याहून अधिक नायट्रेटच्या पाण्यात कालविलेले दूध लहान अर्भकाला दिल्यास रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि बाळ निळे पडते. असे पाणी उकळत ठेवल्यास आटून नायट्रेट उलट वाढते. म्हणून बोअरचे पाणी पिणाऱ्या, विशेषतः शहराच्या सीमेवरील नव्या वसाहतींतील घरांनी प्रथम प्रयोगशाळेत क्षार, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जंतू यांची तपासणी करावी. एकदा पावसाळ्यानंतर, एकदा ऐन उन्हाळ्यात. दोष आढळला तर आर.ओ. जरूर घ्यावे. मात्र चवीसाठी मूळ पाणी मिसळणारी ‘टी.डी.एस. कंट्रोलर’ नावाची कळ अशा घरांत बंदच ठेवावी, कारण क्षारांबरोबर फ्लोराइडही त्याच वाटेने परत येते.

क्षार गेल्याने मुलांची हाडे कमकुवत होतील, ही भीती अतिरंजित आहे. बऱ्यापैकी कठीण पाण्याच्या एका लिटरमध्ये फार तर ८० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते, एका पेलाभर दुधात त्याच्या तिप्पट. नाचणी आणि ताक घरात असले की पाण्याकडून कॅल्शियमची अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.

बाळाविषयी दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगतो. पहिले सहा महिने अंगावर पिणाऱ्या बाळाला हैदराबादच्या मे महिन्यातही वेगळे पाणी लागत नाही. त्याच्यासाठी यंत्र घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काही कारणाने पावडरचे दूध देणे भाग पडल्यास यंत्रावरची ‘बेबी मिल्क’ची ४०-४५ अंशांची कळ वापरू नये. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातील जंतू मरावेत म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी आणि नंतर निववून वाटी-चमच्याने पाजावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची सूचना आहे. कोमट पाणी त्या जंतूंच्या वाढीला उलट पोषकच ठरते.

दुसरी गोष्ट भाजण्याची. उकळते पाणी देणारी कळ ओट्याच्या कडेला, दोन वर्षांच्या मुलाच्या उंच केलेल्या हाताला लागेल अशी नसावी. साठ अंशांचे पाणीही कोवळी त्वचा काही सेकंदांत भाजते. दोन टप्प्यांचे कुलूप असलेलेच यंत्र घ्यावे, ते ओट्याच्या आतल्या बाजूस ठेवावे, तार लोंबती नसावी. पाणी तापविणारी ही यंत्रे बरीच वीज खेचतात. गिझरसारखा १६ अँपिअरचा प्लग हवा, मिक्सरचा नव्हे.

खरेदी करताना आय.एस. १६२४० हे मानक पाहावे. गाळण्या व पटल वर्षाला कितीदा बदलावे लागतात आणि त्या आपल्या भागात मिळतात का, हे विचारावे. यंत्राच्या किमतीपेक्षा हा खर्च काही वर्षांत अधिक होतो. उरलेले क्षारयुक्त पाणी फरशी पुसायला चालते, कुंड्यांना मात्र नेहमी घालू नये. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना दोन्ही टाक्या रिकाम्या करून कोरड्या ठेवाव्यात. परत आल्यावर पहिल्या दोन टाक्यांचे पाणी ओतून द्यावे आणि तिसऱ्यांदा भरलेले प्यावे.