पातळ द्रव आणि फुप्फुसाचा धोका

बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत सॉल्व्हंटचे ड्रम नेहमीचेच. त्यातले ब्युटेनॉलसारखे अल्कोहोल चुकून कुणाच्या पोटात गेले, तर विषबाधेइतकीच भीती ते श्वासनलिकेत उतरण्याची असते. द्रव जितका पातळ, तितका तो फुप्फुसात झपाट्याने पसरतो आणि रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो.

म्हणूनच रसायनाच्या सुरक्षा तपासणीत विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला द्रवाकडून होणारा विरोध, मोजतात. काचेच्या बारीक नळीतल्या दोन खुणांमधून द्रव खाली उतरायला किती सेकंद लागतात, ते ४० अंश सेल्सिअसला पाहतात. तापमान ढळले की आकडाही बदलतो. जागतिक वर्गीकरणात हायड्रोकार्बनसाठी धोक्याची मर्यादा २०.५, तर अल्कोहोलसारख्या द्रवांसाठी १४ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद आहे. आकडा याच्या आत असेल, तर फुप्फुसाचा धोका धरून चालतात. ब्युटेनॉलचा आकडा सुमारे २ आहे.

रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात ही नोंद पाहावी. अपघात झाल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटी होतानाच द्रव श्वासनलिकेत शिरतो. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि माहितीपत्रक सोबत घ्यावे. खोकला किंवा धाप लागली, तर ते आधी डॉक्टरांना सांगावे.