जुना फिल्म प्रोजेक्टर घेताय? घरचं रीळ त्यात लगेच लावू नका!

दिवसभर आपण मोबाईलवर रील्स बघतो. पण ज्या रिळावरून हा शब्द आला, ते हातात घेतलेली माणसं आता कमीच. मग कधीतरी माळा आवरताना एक पत्र्याची डबी सापडते, आत फिल्म गुंडाळलेली असते, आणि कुणीतरी म्हणतं, जुना प्रोजेक्टर घेऊ आणि बघू काय आहे ते. मुंबईच्या चोर बाजारापासून ईबेपर्यंत असे प्रोजेक्टर मिळतातही. घोळ इथेच होतो.

घरगुती फिल्म बहुतेक वेळा एकमेव प्रत असते. ती 'रिव्हर्सल' प्रकारची असायची. म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेलीच पट्टी धुऊन प्रोजेक्टरवर लावायची. वेगळी निगेटिव्ह नाही. ती फाटली की विषय संपला.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा अब्राहम झाप्रुडर हे कपड्यांचे व्यावसायिक आपल्या ८ एमएमच्या घरगुती कॅमेऱ्यावर चित्रण करत होते. जेमतेम २६ सेकंदांची ही फिल्म. १९९९ मध्ये तिच्यासाठी अमेरिकी सरकारने १ कोटी ६० लाख डॉलर मोजायचे, असा निर्णय झाला. पण त्याआधीच, 'लाइफ' मासिकाकडे असताना, मूळ फिल्मच्या काही फ्रेम हाताळताना खराब झाल्या होत्या. त्या आज बघता येतात त्या केवळ हत्येच्या दिवशीच प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून.

आता प्रोजेक्टरकडे येऊ. कोडॅकने १९२३ मध्ये १६ एमएम, १९३२ मध्ये ८ एमएम आणि १९६५ मध्ये सुपर ८ फिल्म आणली. फसगत होते ती शेवटच्या दोघांत, कारण दोन्हींची रुंदी ८ मिलिमीटरच! फरक कडेच्या छिद्रांत आहे. साध्या ८ एमएमची छिद्रं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात. सुपर ८ ची छिद्रं बारीक आणि फ्रेमच्या मध्यावर. म्हणून आधी भिंग घेऊन फिल्म बघायची, मग प्रोजेक्टर शोधायचा. काही प्रोजेक्टर 'ड्युअल' असतात, दोन्ही चालवतात.

आत काय चालतं? एक छोटा धातूचा दात छिद्रात शिरतो आणि फिल्म एक फ्रेम खाली ओढतो. सुपर ८ मध्ये सेकंदाला साधारण १८ वेळा. जुनी फिल्म आक्रसलेली असेल तर छिद्रं दातासमोर नीट येत नाहीत आणि कडा फाटत जाते. फिल्म अडकली तर मागच्या दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम बुडबुडे येऊन वितळू शकते. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजायला लागलाय असं समजा. असं रीळ प्रोजेक्टरवर लावायचंच नाही, आणि बाकीच्या रिळांपासून लांब ठेवायचं.

विकणारा 'चालू आहे' म्हणतो तेव्हा अनेकदा अर्थ एवढाच असतो की दिवा लागतो आणि मोटर घरघरते. फिल्म खरोखर सरकतानाचा व्हिडिओ मागा. आतले रबरी पट्टे वर्षानुवर्षं पडून चिकट होतात किंवा तुटतात. त्या मॉडेलचा दिवा आजही मिळतो का, हे पैसे देण्याआधी शोधा. ऑस्ट्रियाच्या ऑयमिगसारख्या गाजलेल्या कंपनीचं कामकाजही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुंडाळलं गेलं, त्यामुळे सुटे भाग म्हणजे जुन्या मालातली शोधाशोध.

अमेरिकेतून मागवणार असाल तर आणखी एक. तिथलं यंत्र साधारण १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टला थेट जोडलं तर पहिल्याच क्षणी दिवा जाईल, मोटरही जळू शकते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. त्यामुळे काही मोटरी इथे संथ फिरतात आणि चित्रातली माणसंही.

यंत्र आलं की गेट मऊ ब्रशने साफ करा आणि आधी एखादं नको असलेलं रीळ चालवून पाहा. घरचं रीळ मात्र आधी स्कॅन करून घ्या. चांगल्या स्कॅनरमध्ये ओढणारा दात नसतो, दिवाही थंड एलईडीचा असतो. कोडाक्रोम फिल्मसाठी तर हे फारच गरजेचं. तिचे रंग अंधारात कित्येक दशकं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात इतर फिल्मपेक्षा लवकर उडतात.

५० फुटांचं सुपर ८ रीळ ३ मिनिटं २० सेकंदांत संपतं आणि बहुतेक रिळांना आवाज नसतो. म्हणून स्कॅन केलेली फिल्म घरातल्या मोठ्यांना दाखवताना शेजारी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. फेटा बांधलेला तो माणूस कोण, हे डबीवर लिहिलेलं नसतं.