धुऱ्यावरची चिंच, दोराचं वळण



चिंचा उतरवायचे दिवस आले. मोताळा, मेहकर, चिखली, कुठंही बघा, धुऱ्यावरची जुनी झाडं कोणी घरच्या माणसांकडून झोडपतं, कोणी गुत्त्यानं देतं. चढणारा गडी दोर बांधतो तो खोडाजवळ. चिंचा मात्र असतात फांदीच्या टोकाला! तिथं पाय सटकला तर दोर तुटत नाही. माणूस झोपाळ्यासारखा झुलत येऊन खोडावर आदळतो. बरगड्या मोडतात त्या अशा.

उपाय सोपा आहे. वर खोडाजवळ जाड बेचक्यात मुख्य दोर पक्का बांधायचा. मग जिथं काम करायचंय त्याच्या वरच्या दुसऱ्या बेचक्यावरून तोच दोर वळवून घ्यायचा. आता दोर डोक्यावरून सरळ खाली येतो आणि झोका जातो.

पण त्या दुसऱ्या बेचक्यावर भार किती येतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. माणूस ७० किलोचा धरा. दोर खोडाकडून आडवा येऊन काटकोनात खाली वळला, तर बेचक्यावर जवळपास १०० किलोचा ताण. विहिरीच्या चाकासारखा पूर्ण उलटा फिरला तर १४० पर्यंत. तेच मुख्य दोर बराच उंच बांधला आणि दोर थोडासाच वाकला, समजा ३० अंश, तर फक्त ३५-३६ किलो. म्हणून मुख्य दोर उंच, वळणाचं बेचकं त्याच्या बरंच खाली. दोर बेचक्याच्या बाहेरच्या बाजूनं घ्यावा, म्हणजे ताण फांदीला खोडाकडं ओढतो.

बेचकं निवडताना ठोकून पाहा. चिंचेचं लाकूड चिवट, पण जुन्या झाडात पोकळी असते. शेवग्यावर तर हा प्रयोग नकोच, त्याची फांदी कधी दगा देईल नेम नाही. वळणाचं बेचकं मोडलं तरी माणूस मुख्य दोरावर राहतो, मात्र झोका बसतो; त्या वाटेत दुसरी फांदी किंवा वीजतार नको. तार जवळ असेल तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय चढूच नका.

दोर बैलाचा जुना नको, कमरेला नुसता गुंडाळलेलाही नको. मांड्या-खांद्यांचा पट्टा घ्या. ताणलेल्या दोराला कोयता नुसता लागला तरी तो तुटतो, त्यामुळं फांदी छाटताना दुसरा आखूड दोर वेगळा बांधा. परत येताना आधी वळण सोडवायचं, तेही खोडाकडची फांदी धरून.

एक कागदाची गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडणं बसतं. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, वयोमर्यादा १० ते ७५. खातेदार आणि घरातला खातेदार नसलेला एक सदस्य यात येतो. ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं प्रस्ताव द्यावा लागतो. शेतकरी कुटुंबातला नसलेला मजूर यात बसत नाही, म्हणून झाड गुत्त्यानं देताना गड्याकडं पट्टा आणि धड दोर आहे का, हे व्यवहार ठरायच्या आधी विचारा.